वृद्ध दाम्पत्ये आणि सामाजिक सहभाग

वार्धक्यात पती-पत्नीपैकी एकाच्या हालचालींवर मर्यादा आली, की बहुधा दोघांचेही घराबाहेर पडणे कमी होते. पक्षाघात वा गुडघेदुखी एकाला असते. त्याच्या सोबतीला थांबणारा जोडीदारही ज्येष्ठ नागरिक संघ, भजनी मंडळ, लग्नकार्ये यांपासून दुरावतो.

राज्यात ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षे पूर्ण केलेल्यांना एसटीचा मोफत प्रवास, तर ६५ ते ७५ वयोगटाला तिकिटात ५० टक्के सवलत देण्यात आली. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अल्प उत्पन्न गटातील ६५ वर्षांवरील पात्र ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर आदी साधनांसाठी एकरकमी ३,००० रुपयांची तरतूद करण्यात आली.

मात्र बसची उंच पायरी आणि उद्वाहक नसलेली इमारत हे अडथळे सवलतीने दूर होत नाहीत. सार्वजनिक इमारती व वाहतूक सुगम करण्याचे बंधन दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये आहे. संस्थांनाही थोडक्या खर्चात बरेच करता येईल : तळमजल्यावर बैठक, हातांच्या खुर्च्या, जवळ स्वच्छतागृह, दिवसाउजेडी संपणारा कार्यक्रम. अशा सोयींचा लाभ प्रत्येक वेळी एकाला नव्हे, दोघांना होतो.