जखमा एकवीस, नोंद एकही नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

१४ मे १९१८ ची रात्र. फ्रान्समध्ये आर्गोनच्या जंगलाच्या पश्चिम कडेला, खंदकांच्या पुढे असलेल्या एका चौकीवर दोन अमेरिकन शिपाई पहारा देत होते. एकाचं नाव हेन्री जॉन्सन, दुसऱ्याचं नीडहॅम रॉबर्ट्स. दोघेही कृष्णवर्णीय. जॉन्सन अंगापिंडानं लहानखुराच, उंची ५ फूट ४ इंच, वजन साठ किलोच्या आतबाहेर. युद्धापूर्वी तो न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी शहराच्या रेल्वे स्टेशनवर हमाल होता.

मध्यरात्रीनंतर तारा कातरल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ किमान डझनभर जर्मन सैनिकांची तुकडी चौकीवर चालून आली. रॉबर्ट्स सुरुवातीलाच जबर जखमी झाला. जॉन्सननं हातबॉम्ब फेकले, ते संपल्यावर बंदूक चालवली, आणि ऐन वेळी बंदूक अडकली. का अडकली, तर बंदूक फ्रेंच बनावटीची आणि घाईत तिच्यात सारलेली काडतुसं अमेरिकन! मग त्यानं बंदुकीच्या दस्त्यानं हाणायला सुरुवात केली. दस्ताही फुटला. तेवढ्यात दोघे जर्मन रॉबर्ट्सला कैदी म्हणून उचलून नेताना त्याला दिसले. तेव्हा कमरेचा जाड पात्याचा सुरा उपसून तो त्यांच्यावर तुटून पडला. जर्मन मागे हटले, रॉबर्ट्स वाचला. जॉन्सनच्या अंगावर २१ जखमा मोजल्या गेल्या.

मित्रहो, ही शौर्यकथा इथंच संपली असती तर तुमचा वेळ मी घेतला नसता. शौर्यकथा आपल्याकडे काही कमी नाहीत. मला सांगायची आहे ती या कथेच्या कागदांची गोष्ट, आणि ती चालली तब्बल ९७ वर्षं.

अमेरिकन शिपायाच्या हातात फ्रेंच बंदूक आली कशी, हे आधी पाहू. जॉन्सनची पलटण म्हणजे न्यूयॉर्क नॅशनल गार्डची १५ वी, पुढे जिला ३६९ वी पायदळ रेजिमेंट म्हणू लागले. ही सारी कृष्णवर्णीयांची पलटण. तेव्हाच्या अमेरिकन सैन्यात गोऱ्यांनी आणि काळ्यांनी शेजारी शेजारी लढायचं नाही असा दंडक होता. फ्रेंचांना माणसांची निकड होती. तेव्हा अमेरिकन सेनापतींनी ही पलटण सरळ फ्रेंचांच्या हवाली करून टाकली. गणवेश अमेरिकन राहिला, पण बंदूक फ्रेंच, शिरस्त्राण फ्रेंच आणि वरचा हुकूमही फ्रेंच. पलटणीनं आघाडीवर १९१ दिवस काढले. पण जॉन्सनची बंदूक ज्या कारणानं अडकली, त्याच कारणानं पुढे त्याचा कागदही अडकला, असं मला वाटतं. फ्रेंच अधिकाऱ्यांनी आपल्या पद्धतीनं दखल घेतली. त्यांनी दोघांनाही ‘क्र्वा द गेर’ हे मानाचं पदक दिलं, आणि या युद्धात ते मिळवणाऱ्या पहिल्या अमेरिकनांत या दोघांची गणना होते. अमेरिकन सैन्याकडून मात्र एकही पदक आलं नाही. सैन्यातलं पदक मागून मिळत नसतं. वरच्या अधिकाऱ्यानं शिफारस लिहावी लागते, ती पायरीपायरीनं वर जावी लागते. इथं पायऱ्या एका देशाच्या आणि शिपाई दुसऱ्या देशाचा.

१७ फेब्रुवारी १९१९ ला ही पलटण न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरून मिरवत गेली. जॉन्सन उघड्या मोटारीत होता. युद्धाचा खर्च भागवण्यासाठी सरकार जे स्टँप विकत होतं, त्यांच्या जाहिरातीत सैन्यानं त्याचं नाव आणि चित्र वापरलं. आणि त्याच सैन्यानं त्याला घरी पाठवताना हातात जो डिस्चार्जचा कागद दिला, त्यात त्याच्या जखमांचा उल्लेखच नव्हता. एकवीसपैकी एकीचाही नाही. जाहिरात करणारं खातं वेगळं आणि कागद टाइप करणारा कारकून वेगळा, एवढाच खुलासा कुणी करू शकेल.

डाव्या पायाची हाडं मोडलेली. हमालीचं काम पूर्वीसारखं होईना. दारू लागली, संसार मोडला. त्याला शेवटपर्यंत सरकारकडून छदाम मिळाला नाही, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते पुरतं खरं नाही. १९२७ मध्ये क्षयरोगामुळे त्याला कायमचं पूर्ण अपंगत्व मंजूर झाल्याची नोंद नंतर सापडली. पण ते आजारासाठी होतं, लढाईतल्या जखमांसाठी नव्हे. १ जुलै १९२९ ला वॉशिंग्टनमध्ये तो वारला. ‘पर्पल हार्ट’ हे जखमी सैनिकाला देण्याचं पदक आज ज्या स्वरूपात आहे, त्या स्वरूपात ते १९३२ मध्ये सुरू झालं. पहिल्या महायुद्धातल्या जखमींना अर्ज करून ते घेता येत होतं. जॉन्सन तोवर राहिला नव्हता, आणि असता तरी दाखवायला कागद कुठला?

आपल्या साताऱ्या-कोल्हापूरकडच्या श्रोत्यांना हे लगेच कळेल. इतिहासाचा शिक्षक म्हणून त्या भागात हिंडताना मी अनेक घरांतल्या पत्र्याच्या पेट्या उघडलेल्या पाहिल्या आहेत. वर लुगड्याचा तुकडा, त्यात गुंडाळलेलं आजोबांचं डिस्चार्ज बुक, आणि बिल्ले. आमच्याकडे पदकाला बिल्लाच म्हणतात. घरची माणसं बिल्ला आधी दाखवतात, पण सरकार विचारतं ते पुस्तक. बिल्ला हरवला तर चालतो, पुस्तकातली ओळ हरवली की सगळं अडतं.

अमेरिकेत अशी हरवलेली ओळ परत लिहून घेण्याची सोय आहे, ती मोठी अभ्यासण्यासारखी आहे. १९४६ पूर्वी एखाद्या सैनिकाची नोंद चुकली, तर ती दुरुस्त करायला तिथल्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, त्या एका माणसापुरतं विधेयक मंजूर करावं लागे. एका शिपायासाठी अख्खी संसद! अशा विधेयकांचा ढीग इतका वाढला, की १९४६ मध्ये काँग्रेसनं ती पद्धतच बंद केली आणि प्रत्येक सेनादलानं नोंदी सुधारण्यासाठी मंडळ नेमावं असं ठरवलं. या मंडळात बसतात ते नागरी लोक, गणवेशातले अधिकारी नव्हेत. सैनिकानं किंवा त्याच्या पश्चात त्याच्या वारसानं एक छापील फॉर्म भरायचा आणि पुरावे जोडायचे. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, पण न्यायाच्या दृष्टीनं गरज वाटली तर मंडळ ती माफ करू शकतं.

या मंडळापुढे आलेलं माझ्या आवडीचं प्रकरण आहे डॉ. मेरी वॉकर यांचं. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्यांनी शल्यविशारद म्हणून काम केलं, कैदही भोगली, आणि त्यांना ‘मेडल ऑफ ऑनर’ मिळालं. हा तिथला सर्वोच्च सन्मान, आपल्या परमवीर चक्रासारखा. पुढे १९१७ मध्ये जुन्या यादीची छाननी होऊन ९११ नावं गाळण्यात आली, त्यांत वॉकरबाईही गेल्या. बाई मोठ्या खमक्या. त्यांनी पदक काही परत केलं नाही. १९१९ मध्ये मरेपर्यंत ते छातीवर लावूनच त्या वावरल्या. कागदावर त्यांचं नाव परत चढलं ते १९७७ मध्ये, याच मंडळाच्या शिफारशीनं.

दुसऱ्या महायुद्धानंतर तर चुकांना सुमार राहिला नाही. १९४५ मध्ये लाखो जवान एकदम घरी निघाले. प्रत्येकाला घराची ओढ, कारकुनापुढे रांग, कोण कशाला कागद वाचत बसतो? त्यात आणखी एक गंमत झाली. ज्यांच्याकडे लढाऊ पायदळाचा बिल्ला होता, त्या दुसऱ्या महायुद्धातल्या जवानांना ‘ब्राँझ स्टार’ पदक द्यायचं असं १९४७ मध्ये ठरलं. पण तोवर ही माणसं शेतावर, कारखान्यात, दुकानात जाऊन बसलेली. अनेकांना पदक कमावल्याचं कळलंच नाही. साठ-साठ वर्षांनी नातवंडं अर्ज करू लागली आणि म्हाताऱ्या छातीवर ते पदक लागू लागलं.

नातवंडांच्या वाटेत एक मोठी राख होती. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईस शहराजवळच्या सैनिकी अभिलेखागाराच्या सहाव्या मजल्याला आग लागली. विझायला चार दिवस लागले. १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात भूदलातून बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांची कागदपत्रं गेली. त्यांच्या नकला नव्हत्या, सूक्ष्मचित्रणही नव्हतं, इतकंच काय, काय काय जळालं याची यादीसुद्धा नव्हती! भिजलेल्या फायली वाळवायला विमान कंपनीची निर्वात खोली वापरली गेली. मग माणसं दुसरीकडून ओळी गोळा करू लागली. पगाराच्या पावत्या, इस्पितळाच्या याद्या, कंपनीचा रोजचा हजेरीपट. सैन्य आपल्या शिपायाचं शौर्य विसरतं, पण पगाराचा हिशेब सहसा विसरत नाही.

जॉन्सनचं प्रकरण याहून अवघड होतं, कारण मेडल ऑफ ऑनरसाठी त्या काळचीच साक्ष लागते आणि मुदत संपली असेल तर काँग्रेसनं कायदा करून सूट द्यावी लागते. दोन्ही महायुद्धांत एकाही कृष्णवर्णीयाला हे पदक त्या वेळी मिळालं नव्हतं. १९९१ मध्ये फ्रेडी स्टॉवर्स या १९१८ साली पडलेल्या कॉर्पोरलला मिळालं. त्याची शिफारस झाली होती, पण पुढे गेलीच नव्हती. १९९७ मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या सात जणांना मिळालं, त्यांपैकी व्हर्नन बेकर हे एकटेच हयात होते. जॉन्सनला १९९६ मध्ये मरणोत्तर पर्पल हार्ट आणि २००२ मध्ये दुसऱ्या क्रमांकाचं पदक मिळालं, पण पहिल्याला पुरावा कमी पडतो असं उत्तर आलं.

हा लढा हर्मन जॉन्सन यांनी नेटानं चालवला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या टस्कीगीच्या प्रसिद्ध कृष्णवर्णीय वैमानिकांपैकी ते एक. हेन्री आपले वडील, असं ते सांगत. वडिलांना ऑल्बनीत बेवारशासारखं पुरलं, अशी घरात समजूत होती. शोध घेताना दफ्तरात भलतंच निघालं. जॉन्सनला १९२९ मध्येच आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय सैनिकी दफनभूमीत, लष्करी इतमामानं मूठमाती दिली होती. विल्यम हेन्री जॉन्सन या पूर्ण नावानं नोंद होती म्हणून कुणाला सापडत नव्हती. हर्मन २००४ मध्ये गेले.

पुढे सिनेटर चार्ल्स शूमर यांच्या कार्यालयानं जुनी दफ्तरं चाळली, तेव्हा अमेरिकन फौजांचे सरसेनापती जनरल पर्शिंग यांनी त्या चकमकीनंतर आठवड्याच्या आत पाठवलेलं निवेदन हाती आलं. त्यात या दोघांच्या पराक्रमाची वाखाणणी होती. म्हणजे वरच्या अधिकाऱ्याची त्या काळची साक्ष मिळाली. २०११ मध्ये सुमारे १३०० पानांचा प्रस्ताव गेला, काँग्रेसनं मुदत शिथिल केली, आणि २ जून २०१५ ला राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी व्हाइट हाउसमध्ये पदक जाहीरपणे दिलं.

ते घेतलं मात्र घरच्या कुणी नाही. सैन्यानं वंशावळ तपासली आणि हर्मन हे हेन्रीचे पुत्र नव्हते असा निष्कर्ष काढला. ज्या कुटुंबानं इतकी वर्षं कागद दुरुस्त करायला घालवली, त्याचंच नाव कागदानं कापलं. शेवटी न्यूयॉर्क नॅशनल गार्डच्या एका अधिकाऱ्यानं पदक स्वीकारलं. नियमानं ते योग्यच असेल. तरी वाचताना मला गलबललं, हे सांगितलंच पाहिजे.

आपल्या मराठा पलटणींच्या वाट्याला याहून कठीण आलं, ते वेगळ्या तऱ्हेनं. पहिल्या महायुद्धात सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. एप्रिल १९१६ मध्ये कुत-अल-अमारा इथं ती डिव्हिजन शरण गेली. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली. हिंदी जवानांची मात्र पलटणीचं नाव आणि पुढे आकडा, अशी बोळवण झाली. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं अहवाल काढून अशा भेदभावाबद्दल माफी मागितली. त्या महायुद्धात ४६ जवान गमावलेलं साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी आपल्याला ठाऊक आहे. पण नाव कुठं शोधायचं, हा प्रश्न तिथं पदकाच्याही आधी येतो.

जॉन्सनच्या नावाचा प्रवास मात्र २०१५ नंतरही थांबला नाही. जून २०२३ मध्ये लुइझियाना राज्यातल्या फोर्ट पोक या मोठ्या छावणीचं नाव बदलून फोर्ट जॉन्सन करण्यात आलं. आधीचं नाव होतं यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या बाजूचे सेनापती लिओनिडस पोक यांचं. २०२५ मध्ये सरकारनं ते परत फोर्ट पोक केलं. या वेळी पोक दुसरे होते, दुसऱ्या महायुद्धातले जनरल जेम्स पोक. पाट्या पुन्हा रंगवल्या गेल्या. जॉन्सनचं पदक नोंदीत आहे तसंच आहे.