कापण्यासाठीच छापलेली फुलं



आपल्या गटात सध्या जुन्या पुस्तकांतल्या फुला-पाखरांच्या चित्रांची भेटकार्डं, पाकिटं आणि फोटो चिकटवायच्या वह्या तयार होतात. चित्रं शे-दोनशे वर्षांपूर्वीची. आपण ती छापून घेतो, कात्रीने कोरतो आणि चिकटवतो. मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "दुसऱ्याने काढलेलं चित्र कापून विकायचं, ही चोरी नाही का?" त्याआधी प्रदर्शनात एक गिऱ्हाईक म्हणून गेलं होतं, "चिकटवलेलंच तर आहे, एवढे पैसे कशाचे?" या दोन्ही प्रश्नांसाठी आज जरा मागे जाऊ या, साडेतीनशे वर्षं.

जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात मारिया सिबिला मेरियन नावाची बाई राहायची. तिचा जन्म १६४७ चा. सावत्र वडील फुलांचे चित्रकार, त्यांच्याच हाताखाली ती शिकली. लग्नानंतर ती मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवायची. शिकवायचं तर नमुने हवेत, म्हणून तिने फुलांचं पुस्तक काढलं. १६७५, १६७७ आणि १६८० असे त्याचे तीन भाग, प्रत्येकात १२ चित्रं. तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरायच्या, शाई भरायची, कागदावर काळा ठसा घ्यायचा. रंग मग हाताने, एकेका प्रतीवर. पुस्तक कपाटात ठेवायला नव्हतंच. त्यातली फुलं कापडावर उतरवून दोऱ्याने भरायची होती, जशी आपण कार्बन पेपर ठेवून रुमालावर वेलबुट्टी उतरवतो. त्या पुस्तकाच्या पूर्ण प्रती आज जगात फार थोड्या उरल्यात. नमुन्याच्या वहीचं पुढे काय होतं, हे तुम्हाला मी काय सांगू!

पुढे १७६० च्या सुमारास लंडनमध्ये रॉबर्ट सेयर नावाच्या प्रकाशकाने तर फुलं, पक्षी, किडे यांचं जे पुस्तक काढलं, ते कापण्यासाठीच होतं. बायकांनी चित्रं रंगवायची, कात्रीने काढायची, लाकडी पेटीवर चिकटवायची आणि वरून रोगणाचे हात द्यायचे. म्हणजे आपलं काम काही नवं नाही आणि त्या चित्रांचा अपमानही नाही.

पण मेरियनची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. १६९९ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, नवऱ्यापासून वेगळी झालेली ही बाई धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेली. अळीचं फुलपाखरू कसं होतं, कोणती अळी कोणतं झाड खाते, हे तिला तिथे पाहायचं होतं. दोन वर्षं राहिली, आजारी पडून परतली आणि १७०५ मध्ये ६० चित्रांचं मोठं पुस्तक काढलं. त्यात एक झाड आहे, आपल्या अंगणातला शंकासूर. तांबडी-पिवळी फुलं, पानावर अळी. फार देखणं चित्र आहे, कार्डावर छान उठून दिसतं.

त्या चित्राबरोबर तिने काय लिहिलंय माहीत आहे? सुरीनाममध्ये डचांचे उसाचे मळे होते आणि राबायला गुलाम. त्या गुलाम बायका शंकासुराच्या बियांनी गर्भ पाडत, आपलं लेकरू गुलामीत जन्माला येऊ नये म्हणून. त्यांनी स्वतः आपल्याला हे सांगितलं, असं मेरियन लिहिते. (कोणी हे करून बघू नका गं, जिवावर बेतेल.) त्या बायकांची नावं मात्र पुस्तकात नाहीत. आपण चित्र कापतो तेव्हा हा मजकूरही मागे राहतो. मला हे खटकतं. चोरीपेक्षा हे जास्त खटकतं.

चोरीचं तसं सोपं आहे. आपल्या देशात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी चित्रावरचा हक्क संपतो, आणि मेरियन वारली १७१७ साली. चित्र एखाद्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून घेतलं, तर तिथल्या अटी तेवढ्या वाचायच्या.

आता त्या गिऱ्हाइकाकडे येऊ. मेरी डेलनी ही इंग्लंडमधली विधवा बाई. १७७२ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, तिने रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून काळ्या कागदावर फुलं चिकटवायला सुरुवात केली. पाकळी वेगळी, शीर वेगळी, पुंकेसर वेगळे. दहा वर्षांत, नजर साथ देईनाशी होईपर्यंत, तिने ९८५ फुलं केली. आज ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. चिकटवलेलीच आहेत. आणि प्रत्येक फुलाचं नाव, कुठे केलं, कधी केलं, हे तिने लिहून ठेवलं.

तेच आपण सुरू केलंय. कार्डाच्या मागे दोन ओळी: चित्र कोणाचं, कुठलं, आणि कापलं-चिकटवलं कोणी. शंकासुराच्या कार्डात त्या बायकांची हकिगत छोट्या चिठ्ठीवर घालतो. किंमत पाच रुपयांनी वाढवली आहे, त्या लिहिण्याचे हातही मोजायचे म्हणून.

एका चित्राशी मात्र अडलोय. पुण्याजवळ दापोडीला इंग्रजांची सरकारी बाग होती. तिथले अधिकारी डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात बागेतल्या झाडांची चित्रं एका देशी चित्रकाराकडून काढून घेतली. चित्रं आज स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवलेली आहेत. गिब्सनसाहेबांचं नाव सगळीकडे आहे, काढणाऱ्याचं कुठेच नाही. ती चित्रं आपण घेतली, तर कार्डाच्या मागे काय लिहायचं? गटाने शेवटी ठरवलं: "चित्रकार: नाव नोंदलेलं नाही. दापोडी, पुणे." आणि त्याखाली आपल्यातल्या जिने कापलं, तिचं पूर्ण नाव.