शब्दवेध : सामुराई

ज्या ‘सामुराई’ शब्दाच्या उच्चारासरशी कमरेच्या दोन तलवारी डोळ्यांपुढे उभ्या राहतात, त्याचे मूळ शस्त्रात नसून, धन्याच्या सन्निध राहून सेवा करणे या अर्थाच्या ‘साबुराऊ’ ह्या प्राचीन जपानी क्रियापदात आहे. आपली ‘हुजुरात’ही अशीच, खाशा स्वारीच्या सन्निध असणारी फौज. १८७६च्या फर्मानाने सामुराईंची तलवार गेली; सेवेचा अर्थ मात्र, मला वाटते, तलवारीहून वडील व चिरस्थायी. वर्ध्यात तर त्याला निराळेच तेज चढते : १९३३ मध्ये गांधीजींच्या भेटीस येथे आलेल्या निचिदात्सु फुजी या जपानी भिक्षूंचा बौद्ध मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत समाविष्ट झाला, आणि १९४० मध्ये, शेगावशी होणारा टपालाचा घोटाळा टाळण्याकरिता, आश्रम असलेल्या सेगाव या खेड्याचे नामकरण झाले ‘सेवाग्राम’.