राजाची मर्जी

शाळेत आपण भारताचा इतिहास वेगळा शिकलो आणि युरोपचा वेगळा. दोन्हीकडच्या सनावळ्या शेजारी ठेवून बघायचं कधी डोक्यात आलं नाही. पण तसं केलं की मजेशीर गोष्टी दिसतात. त्यातली ही एक.

अकबराने १५६३ मध्ये हिंदू यात्रेकरूंवरचा कर उठवला आणि १५६४ मध्ये जिझिया. त्याच सुमारास फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांचे गळे कापत होते. ते थांबवायला चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये नांत इथे फर्मान काढलं. हा स्वतः आधी प्रोटेस्टंट, गादीसाठी कॅथलिक झालेला! त्याने प्रोटेस्टंटांना ठरावीक ठिकाणी उपासना, सरकारी पदं आणि संरक्षणासाठी तटबंदीची गावं दिली. हे फर्मान कायमचं, कधीही रद्द न होणारं, असं त्यातच लिहिलं होतं.

आता पुढे बघा. अकबराचा पणतू औरंगजेब १६७९ मध्ये जिझिया परत बसवतो. हेन्रीचा नातू चौदावा लुई १६८५ मध्ये नांतचं फर्मान मोडीत काढतो. मध्ये फक्त सहा वर्षं! लुईचं कारण ऐका: बहुतेक प्रोटेस्टंट कॅथलिक झालेच आहेत, मग फर्मान हवं कशाला? ते कसे झाले, तर त्यांच्या घरांत सैनिक मुक्कामाला घालून.

धर्मोपदेशकांना पंधरा दिवसांत देश सोडायचा हुकूम झाला, बाकीच्यांना मात्र जायची बंदी. तरी दीड-दोन लाख माणसं निसटली. त्यांत विणकर, कारागीर, व्यापारी होते. ब्रांडेनबुर्गच्या फ्रेडरिक विल्हेल्मने त्याच वर्षी सवलती जाहीर करून त्यांना बोलावून घेतलं. युद्धाने ओस पडलेल्या त्याच्या मुलखाला माणसं हवीच होती.

यावर 'अकबर चांगला, औरंगजेब वाईट' एवढंच म्हणून थांबता येतं. पण मला खटकतं ते वेगळंच. चांगल्या राजाच्या काळातही प्रजेच्या हातात काय होतं? जिझियाविरुद्ध शिवाजी महाराजांचं म्हणून जे फारसी पत्र प्रसिद्ध आहे, त्यात औरंगजेबाला अकबराचीच आठवण करून दिली आहे. साहजिक आहे. बोट ठेवायला कायद्याचं कलम नव्हतं, होता तो पणजोबाचा दाखला. आणि फ्रान्समध्ये तर लेखी फर्मान होतं, तेही राजाच्या एका सहीने गेलं.

आपल्या घटनेतलं २५ वं कलम वाचताना म्हणूनच मला हे दोघे नातू-पणतू आठवतात. तिथे धर्मस्वातंत्र्य हा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही. तरीही आपण अजून 'अमका नेता चांगला आहे, तो सांभाळून घेईल' असं सहज बोलून जातो.

तुम्हाला काय वाटतं? जरूर कळवा.