त्रिकोणाचं नाव कासव

माझी भाची पाचवीत असतानाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी संगणकाचा पेपर होता आणि बाईसाहेब पुस्तक मांडीवर घेऊन घोकत बसल्या होत्या. एफडी म्हणजे फॉरवर्ड, बीके म्हणजे बॅक, आरटी म्हणजे राईट, पीयू म्हणजे पेन अप. मध्येच थांबून तिनं एका ओळीवर बोट ठेवलं.

"मामा, इथं लिहिलंय, पडद्याच्या मधोमध कासव असतं. चित्रात तर त्रिकोण आहे. मग कासव कुठंय?"

"त्रिकोणालाच कासव म्हणतात."

"का?"

याचं उत्तर मला येत नव्हतं, आणि पुस्तकातही नव्हतं. आपल्याकडच्या कितीतरी शाळांत चौथी-पाचवीला लोगो नावाची संगणकभाषा शिकवतात आणि मुलं त्या त्रिकोणाला बिनतक्रार कासव म्हणतात. ज्याला पाठ नाही, पाय नाहीत, मान नाही, त्याला हे नाव पडलं कसं, हे शोधायला गेलं की माग थेट इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात, मेंदूवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत जाऊन पोचतो. आज शाळाशाळांतून मुलं जे रोबॉट जुळवतात, त्या घराण्याचा मूळपुरुषही तिथंच भेटतो.

त्याचं नाव एल्मर. त्याची जोडीदारीण एल्सी. दोघांचे जन्मदाते विल्यम ग्रे वॉल्टर हे मेंदूतल्या विद्युतलहरींचे अभ्यासक. बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये ते माणसांच्या डोक्याला तारा लावून मेंदूचे आलेख काढत. मेंदूत पेशी अब्जावधी. पण वागणं गुंतागुंतीचं व्हायला एवढ्या पेशी खरंच लागतात, की थोड्याच पेशी एकमेकींशी नीट जोडल्या तरी पुरे? हे तपासायला त्यांनी १९४८-४९मध्ये दोनच पेशींचा प्राणी तयार केला. पेशींच्या जागी रेडिओत असतात तसले दोन व्हॉल्व्ह. डोळ्याच्या जागी एक फोटोसेल. त्वचेच्या जागी वरचं कवच, जे कशाला धडकलं की आतला संपर्क जुळे. खाली तीन चाकं, दोन मोटरी आणि एक बॅटरी. सामान बरंचसं जुन्या घड्याळांतलं आणि युद्धातून उरलेलं.

या प्राण्याची चाल बघण्यासारखी होती. डोळा पुढच्या चाकाच्या दांडीवरच बसवलेला, त्यामुळे चाक वळेल तिकडं डोळाही वळे. अंधारात चाक सारखं गोल फिरत राही आणि हे यांत्रिक कासव वेटोळी घेत खोलीभर भटके. डोळ्यात उजेड शिरला की वळवणारी मोटर थांबे आणि स्वारी उजेडाच्या रोखानं निघे. उजेड फारच प्रखर झाला की पुन्हा तोंड फिरवे. खुर्चीच्या पायाला धडकलं तर ढकल, वळ, ढकल, वळ असं करत बाजूनं वाट काढी. बॅटरी उतरली की प्रखर उजेडाचा तिटकारा संपे. मग दिवा लावून ठेवलेल्या खुराड्यात ते आपण होऊन शिरे आणि बॅटरी भरून घेई.

सर्वांत मोठी गंमत आरशापुढं झाली. वळवणारी मोटर चालू आहे की नाही हे कळावं म्हणून वॉल्टर यांनी कासवाच्या तोंडाशी एक छोटा दिवा बसवला होता. आरशात तो दिवा दिसला की डोळ्याला वाटे, उजेड सापडला. मग मोटर थांबे, आणि मोटर थांबली की दिवा विझे. दिवा विझला की उजेड गेला, म्हणून मोटर पुन्हा सुरू आणि दिवाही पुन्हा सुरू. असं लुकलुकत, थरथरत कासव आरशासमोर नाचत राही. एखाद्या प्राण्यानं असं केलं असतं तर त्याला स्वतःची ओळख पटली असं आपण म्हटलं असतं, असा शेरा वॉल्टर यांनी मारला. त्यात थट्टा होती, पण टोचणीही होती.

वॉल्टर यांनी या जातीला लॅटिन नाव दिलं होतं, ‘मॅकिना स्पेक्युलाट्रिक्स’, म्हणजे धुंडाळणारं यंत्र. लोकांच्या तोंडी मात्र ‘टॉर्टॉइस’, म्हणजे कासव, हेच बसलं. कवच आणि मंद चाल ही दोन कारणं उघडच आहेत. तिसरं इंग्रज कानालाच ऐकू येतं. इंग्लंडमध्ये ‘टॉर्टॉइस’ हा शब्द जवळजवळ ‘टॉट अस’सारखा उच्चारतात, आणि ‘टॉट अस’ म्हणजे ‘आम्हाला शिकवलं’. ॲलिसच्या १८६५ सालच्या गोष्टीत लुईस कॅरल यांनी हा श्लेष करून ठेवला होता. वॉल्टर यांच्या कासवांनी तो खरा केला. १९५१च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ या प्रदर्शनात ही कासवं हजारो लोकांसमोर फिरली.

एल्मर-एल्सींना शिकवता मात्र काहीच येत नव्हतं. त्यांची वागणूक तारांच्या जोडणीतच ठरलेली. कासवाला सांगता यावं आणि सांगणारं मूल असावं, ही कल्पना जन्मली ती अमेरिकेत, जवळजवळ वीस वर्षांनी.

ती मांडणाऱ्या सेमूर पेपर्ट यांचा जन्म दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाचा, १९२८चा. लहानपणी त्यांचा जीव मोटारीच्या दातेरी चाकांवर, खासकरून डिफरन्शियलवर जडला होता. पुढं शाळेत समीकरणं आली तेव्हा ती त्यांनी मनातल्या मनात चाकं फिरवून समजून घेतली. गणितज्ञ झाल्यावर जिनिव्हात मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्याबरोबर त्यांनी मुलांच्या विचारपद्धतीवर काम केलं, आणि तिथून ते अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञानसंस्थेत आले. प्रत्येक मुलाला आपापली दातेरी चाकं मिळावीत, म्हणजे अंगावर घेऊन खेळता येईल आणि त्यातून गणित कळेल अशी एखादी वस्तू मिळावी, हा ध्यास त्यांच्याबरोबर आला.

१९६७ साली पेपर्ट, वॉली फॉयरझिग, सिंथिया सॉलोमन आणि त्यांचे सहकारी यांनी ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा केली. तिच्या जन्माच्या वेळी तिच्यात कासव नव्हतं! लोगो हे नावही ग्रीक ‘लोगोस’वरून, म्हणजे ‘शब्द’ यावरून आलेलं, आणि सुरुवातीला मुलं तिच्यात शब्द आणि वाक्यंच जुळवत. त्यात गंमत होती, पण दातेरी चाकांसारखी अंगाला भिडणारी चीज नव्हती. ती पेपर्ट यांना सापडली वॉल्टर यांच्या कासवात. १९७०च्या सुमारास एमआयटीत जमिनीवर चालणारं यंत्र आलं. पोटाखाली पेन, आणि लांब केबलनं संगणकाला बांधलेलं. नाव अर्थातच कासव, अमेरिकी बोलीत ‘टर्टल’. फॉरवर्ड १०० म्हटलं की शंभर पावलं पुढं, राईट ९० म्हटलं की काटकोनात उजवीकडे. पेन टेकवलेलं असेल तर मागं कागदावर रेघ.

ही एवढीशी गोष्ट भूमितीला किती वेगळ्या दारातून आत आणते, हे वर्तुळ काढताना कळतं. शाळेत वर्तुळ म्हणजे कंपास. आधी केंद्र, मग त्रिज्या, मग टोक रोवून फिरवायचं. कासवाला केंद्र ठाऊकच नाही. त्याला फक्त आपण उभे आहोत ती जागा आणि आपलं तोंड कुठं आहे एवढंच कळतं. मग त्यानं वर्तुळ काढायचं कसं? पेपर्ट मुलांना म्हणत, कासव होऊन बघ. मूल उठून गोल चालू लागे आणि आपण काय करतोय ते स्वतःच सांगे: थोडं पुढं, थोडं वळायचं, पुन्हा थोडं पुढं, थोडं वळायचं. तेच लोगोत लिहायचं: एक पाऊल पुढं, एक अंश उजवीकडे, आणि हे ३६० वेळा. झालं वर्तुळ. वरच्या वर्गात कलनशास्त्र जे सांगतं, की वक्ररेषा म्हणजे क्षणाक्षणाला थोडं थोडं वळत जाणं, ते दहा वर्षांच्या मुलानं पायांनी शोधलेलं असतं. पेपर्ट यांच्या १९८०च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकाचा गाभा हाच. कासव शिकवत नाही. मूल कासवाला शिकवतं, आणि शिकवायचं म्हणून आधी स्वतःला चालून बघावं लागतं.

यंत्र महाग होतं. शाळांत घरगुती संगणक आले तसं कासव जमिनीवरून पडद्यावर चढलं. लहानशा पडद्यावर पाठ, पाय, मान कोण काढणार? तोंड कुठं आहे तेवढं कळलं की काम भागत होतं, आणि त्याला टोकदार त्रिकोण पुरेसा होता. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर ते हेच. कासवाचं शरीर गेलं, रोख उरला.

पण या घराण्यातली काही मंडळी जमिनीवरच राहिली. एमआयटीतच १९७०च्या दशकात रेडिया पर्लमन या विद्यार्थिनीनं वाचताही न येणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ‘टॉर्टिस’ नावाची रचना केली. टाइप करायला नको, बटणं दाबायची किंवा चित्रांची कार्डं खाचेत क्रमानं लावायची, की कासव त्याप्रमाणे चालणार. आज बालवाडीत मुलं बटणं दाबून जे प्लॅस्टिकचे किडे चालवतात, त्यांची ही पणजी. दुसरी शाखा डेन्मार्कच्या लेगो कंपनीशी जुळली. पेपर्ट आणि त्यांचे शिष्य मिचेल रेझनिक यांनी १९८०च्या दशकात लेगोच्या ठोकळ्यांना लोगोची भाषा जोडली. कासव कसं असावं हेही आता मुलानंच ठरवायचं होतं. १९९८मध्ये लेगोचा रोबॉट संच बाजारात आला तेव्हा त्याला पेपर्ट यांच्या पुस्तकाचंच नाव दिलं, माइंडस्टॉर्म्स. पिवळ्या विटेसारखा त्याचा मेंदू. तीन मोटरी जोडा, तीन संवेदक जोडा. २०२२ अखेर कंपनीनं तो प्रकार बंद केला. रेझनिक यांच्या गटानं २००७मध्ये आणलेली ‘स्क्रॅच’ ही संगणकभाषा मात्र जगभरच्या मुलांच्या हातात आहे, आणि मोठ्यांच्या पायथॉन भाषेत आजही ‘टर्टल’ नावाचा कप्पा आहे. आज्ञा त्याच, फॉरवर्ड आणि राईट.

हे घराणं आपल्याकडे दोन वाटांनी आलं. एक वाट पाठ्यपुस्तकाची, भाचीच्या मांडीवरच्या पुस्तकाची. दुसरी संचांची. २०१६पासून केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या शाळांना २० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते, आणि त्यातून थ्रीडी प्रिंटर, संवेदक, रोबॉटचे सुटे भाग शाळेत येतात. चांगलंच आहे. पण मी पाहिलेल्या एका वर्गात संचाबरोबर पुस्तिका होती, आणि पंचवीस पायऱ्या मोजून सगळ्यांचे रोबॉट एकाच दिवशी, एकाच पद्धतीनं तयार झाले. काळ्या रेषेवरून रोबॉट चालत होता आणि छापलेल्या ओळींवरून मूल.

हातानं विचार करायला रोबॉटच लागतो असंही नाही. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथं शाळा सुटलेली मुलं वेल्डिंग, शेती, वीजजोडणी करता करता विज्ञान शिकू लागली. पुढं एमआयटीच्या बाहेरच्या पहिल्यावहिल्या फॅब लॅबपैकी, म्हणजे हव्या त्या वस्तू स्वतः बनवायच्या कार्यशाळांपैकी, एक याच पाबळला उभी राहिली. कासवाच्या माहेरची माणसं शिरूर तालुक्यात आली, कारण आधी हात चालवायचे आणि मग सूत्र मांडायचं हे तिथं अगोदरपासूनच चाललेलं होतं.

त्या रात्री भाचीला मी लोगो उतरवून दिलं आणि समभुज त्रिकोण काढायला सांगितला. तिनं लगेच लिहिलं: १०० पुढं, ६० उजवीकडे, तीन वेळा. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे तिला पाठ होतं. पडद्यावर आलं अर्धं षटकोनी पातेलं. तिनं आकडे तपासले, पुन्हा तेच. "पुस्तकातच चूक आहे," ती म्हणाली.

"ऊठ. कासव हो."

ती हॉलमधल्या फरशीवर चालू लागली. भिंतीकडे तोंड करून सहा फरश्या पुढं, मग थांबली. पायाचा चवडा तिरका करून मागं आलेल्या रेघेकडे पाहिलं, पुन्हा पुढं पाहिलं. मग कमरेतून खूप वळली, काटकोनाच्याही पलीकडे, जवळजवळ पाठमोरी. तशीच तीनदा वळली आणि पुन्हा त्याच भिंतीसमोर येऊन उभी राहिली. "पूर्ण गोल फिरले मी," ती पुटपुटली. "तीन वेळा वळून तीनशे साठ. म्हणजे एकदा एकशे वीस!" आतला कोन ६० असला तरी कासवाला वळावं लागतं ते बाहेरून, हे तिला कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात गाळलेली जागा होती: ‘पडद्यावरच्या कासवाचा आकार ____ असतो.’ तिनं ‘त्रिकोणी’ लिहिलं आणि अर्धा गुण घेतला. घरी आल्यावर दप्तर टाकत म्हणाली, "मामा, मला खरं तर ‘माझ्याएवढा’ लिहायचं होतं."