शाळेच्या पंचांगांतील संतांचे सण

ज्युबिली म्हणजे सरलेल्या वर्षांची कृतज्ञ मोजदाद. देवळाचीं वर्षें आपण सणांवरून मोजतों. नाताळ, उपवासकाळ, ईस्टर, पेंटेकॉस्ट अशी त्यांची माळ आपल्या ओंठीं असते. परंतु काळ मोजण्याची ही रीत देवळाच्या चार भिंतींत राहिली नाहीं. ती न्यायालयांत गेली, शेताच्या खंडाच्या हिशेबांत गेली, आणि मुलांच्या शाळेंतहि गेली. इंग्लंडांतील ज्या जुन्या स्वतंत्र विद्यालयांस तेथील लोक 'पब्लिक स्कूल' म्हणतात, त्यांच्या वर्षाची वांटणी कशी झाली हें पाहूं जातां पवित्र ख्रिस्तसभेच्या इतिहासाचें एक विसरलेलें पान हातीं लागतें. तेंच वाचकांपुढें उलगडण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

या विद्यालयांचें वर्ष सप्टेंबरच्या आरंभीं सुरू होतें व जुलैंत संपतें. त्याचीं सत्रें तीन. प्रत्येक सुमारें दहा ते बारा आठवड्यांचें. पहिल्या सत्रास पुष्कळ ठिकाणीं 'मिकलमस' म्हणतात. या शब्दाचा उलगडा सोपा आहे. ख्रिसमस म्हणजे जशी ख्रिस्ताची मिस्सा, तशी मिकलमस म्हणजे मायकलची मिस्सा. ज्याच्या नांवानें आपल्या माहीमचें देऊळ प्रसिद्ध आहे, त्याच सेंट मायकल मुख्य देवदूताचा हा २९ सप्टेंबरचा सण होय. या सुमारास तेथील पिकें घरांत येत, खंड भरला जाई, जुने चाकर सुटत व नवे लागत. आपल्याकडे सालगडी पाडव्यास ठरे, तसाच हा प्रकार. सुगी संपून हात मोकळे झाले म्हणजे न्यायालयें व विद्यापीठें उघडत, आणि शाळांनींहि पुढें तेंच नांव उचललें.

दुसऱ्या सत्रास ऑक्सफर्ड विद्यापीठांत 'हिलरी' म्हणतात. चौथ्या शतकांत प्वातिएचे बिशप असलेले सेंट हिलरी यांनीं एरियन पाखंडाशीं झुंज दिली व त्यापायीं हद्दपारी सोसली. त्यांचा सण १३ जानेवारीस येतो, म्हणून त्या सत्रास त्यांचें नांव. शाळांत त्याच सत्रास बहुधा 'लेंट', म्हणजे उपवासकाळ, असें म्हणतात. आणि तिसऱ्यास कोठें 'समर', तर कोठें पवित्र त्रैक्याच्या सणावरून 'ट्रिनिटी'. ईस्टर २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत कोणत्याहि दिवशीं येऊं शकतो. त्यामुळें जेथें सुट्टी ईस्टरास धरून दिली जाते, तेथें लेंटचें सत्र एका वर्षीं आखूड व दुसऱ्या वर्षीं लांब होतें. शिक्षकांस गैरसोईच्या वाटणाऱ्या या चढउताराचें मूळ इ. स. ३२५ च्या नायसियाच्या धर्मपरिषदेपर्यंत जाऊन पोहोंचतें.

हें सर्व घडलें, कारण हीं विद्यालयें जन्मलींच मुळीं कॅथॉलिक इंग्लंडांत. बिशप विल्यम ऑफ वायकहम यांनीं १३८२ सालीं विंचेस्टरची स्थापना केली, तर राजा सहावा हेन्री यानें १४४० सालीं ईटनची. तेथें सुट्टी म्हणजे सणच; 'हॉलिडे' या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच 'पवित्र दिवस'. लंडनच्या सेंट पॉल देवळाचे डीन जॉन कोलेट यांनीं १५०९ च्या सुमारास शाळा काढून १५३ मुलांस विनामूल्य शिक्षण ठेविलें. शिष्यांच्या जाळ्यांत सांपडलेल्या माशांची ही शुभवर्तमानांतील संख्या. शिस्तीच्या बाबतींत ते कडक होते. राजानें, आर्चबिशपनें किंवा बिशपनें स्वतः शाळेंत येऊन मागितल्यावांचून मुख्याध्यापकानें जादा सुट्टी दिली, तर त्यास चाळीस शिलिंग दंड! मात्र २८ डिसेंबरच्या निष्पाप बालकांच्या सणास सर्व मुलांनीं देवळांत जाऊन 'बालबिशप' म्हणून नेमलेल्या मुलाचें प्रवचन ऐकावें, असाहि त्यांचाच नियम होता.

पुढें आठव्या हेन्रीनें रोमशीं नातें तोडलें. १५३६ ते १५४० या काळांत मठ मोडले गेले, १५४१ सालीं बालबिशपाची चाल बंद झाली, आणि एलिझाबेथ राणीच्या राज्यांत मिस्सा करणें हाच गुन्हा ठरला. नवल हें कीं, मिस्सा गेली, पण मिकलमस राहिलें. ज्यांनीं वेदी पाडली त्यांच्याच मुलांच्या तोंडीं वेदीवरील सणाचें नांव पिढ्यान्‌पिढ्या टिकलें.

या काळीं कॅथॉलिक आईबापांपुढें मोठा पेंच उभा राहिला. मुलांस घरच्या शाळेंत धाडावें तर श्रद्धा जाते. परदेशीं धाडावें तर १५८५ च्या कायद्यानें परवान्यावांचून शंभर पौंड दंड. तरीहि कित्येकांनीं मुलें समुद्रापार पाठविलीं. १५९३ सालीं फादर रॉबर्ट पर्सन्स यांनीं फ्लँडर्समधील सेंट ओमेर येथें त्यांच्यासाठीं विद्यालय उघडलें. सुट्टींत घरीं जाणें धोक्याचें; म्हणून अनेक मुलांस वर्षानुवर्षें आईचें दर्शन होत नसे. शिवाय पोप तेरावे ग्रेगरी यांनीं १५८२ सालीं सुधारलेलें पंचांग फ्लँडर्सनें घेतलें होतें, पण इंग्लंडनें तें १७५२ पर्यंत घेतलें नाहीं. त्यामुळें सेंट ओमेरच्या मुलांचा नाताळ घरच्या नाताळाच्या दहा दिवस आधीं येई. मुलें गव्हाणीपुढें गात, तेव्हां त्यांच्या घरीं आगमनकाळ अजून सरलेला नसे. या विद्यालयाच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकीं सेंट थॉमस गार्नेट यांनीं १६०८ सालीं लंडनच्या टायबर्न येथें फांसावर रक्तसाक्ष दिली. १९७० सालीं त्यांस संतपद मिळालें. सुट्टी न मिळालेल्या त्या मुलांच्या वर्षांचें मोल याहून निराळें काय सांगावें?

तेथील वर्षक्रम येशूसंघाच्या १५९९ च्या शिक्षणनियमांस धरून होता. त्यांत वार्षिक सुट्टीचा एक मौजेचा नियम आहे. वक्तृत्वाच्या वरच्या वर्गास एक महिना, साहित्याच्या वर्गास तीन आठवडे, व्याकरणाच्या वरिष्ठ वर्गास दोन, आणि सर्वांत लहानांस अवघा एक आठवडा! लहान मूल धडे लवकर विसरतें, हा त्यांतील हेतु उघड दिसतो. पुढें हें विद्यालय १७६२ सालीं ब्रूजला व १७७३ सालीं लिएजला हललें. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वावटळींत १७९४ सालीं तें मायदेशीं परतलें व लँकशायरमधील स्टोनीहर्स्ट येथें, थॉमस वेल्ड या जुन्या विद्यार्थ्यानें दिलेल्या वाड्यांत, स्थिर झालें.

तीन सत्रांची घडी मात्र फार जुनी नाहीं. पूर्वीं पुष्कळ शाळांचें वर्ष आपल्या सहामाहीप्रमाणें दोन भागांचें असे, व मुलें नाताळास आणि उन्हाळ्यांत घरीं जात. एकोणिसाव्या शतकांत आगगाडी आली, प्रवास सोपा झाला आणि वर्षाचे तीन भाग पडले. ईटनला आजहि सत्रास 'हाफ', म्हणजे अर्धें, असेंच म्हणतात. आणि अशीं अर्धीं तेथें वर्षांत तीन असतात!

आपल्या भूमीशींहि या इतिहासाचा धागा जुळतो. 'ख्रिस्तपुराण'कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे बालपणीं विंचेस्टर येथें शिकले असें मानितात. छळाच्या काळांत त्यांनीं मायदेश सोडला, रोममध्यें येशूसंघांत प्रवेश केला, १५७९ सालीं ते गोव्यास उतरले, आणि १६१६ सालीं त्यांचें पुराण छापलें गेलें. इंग्लंडनें गमावलेला विद्यार्थी मराठीस असा लाभला. त्यांच्याच संघानें १८६९ सालीं मुंबईंत सेंट झेवियर्सची शाळा व कॉलेज उभारलें. मात्र येथील शालेय वर्ष मिकलमसास नव्हे, मृगाच्या पावसाबरोबर जूनमध्यें सुरू झालें. आणि हिमालयांतील इंग्रजी धर्तीच्या शाळांनीं बर्फ टाळून मार्चमध्यें आरंभ केला. हवापाणी जसें, तसें वर्ष, हाच शहाणपणा.

आज इंग्लंडांतील अनेक शाळा शरद, वसंत व उन्हाळा एवढींच नांवें वापरतात. सोय म्हणून तें ठीकच आहे. परंतु तारीख केवळ आंकडा नसते. ती कोणाच्या तरी श्रद्धेची खूण असते. सेंट ओमेरच्या मुलांस घर नव्हतें, तरी सण होते, आणि त्या सणांनींच त्यांस तारलें. आपल्या मुलांस घरहि आहे व सणहि आहेत. परीक्षेच्या धांदलींत रविवारची मिस्सा चुकूं देणाऱ्या आईबापांनीं त्या मुलांचें क्षणभर स्मरण करावें. शाळेचें वेळापत्रक भिंतीवर लावतांना शेजारीं सणांचें पंचांगहि लावावें, एवढीच या ज्युबिलीच्या शुभ वर्षीं आमची नम्र विनंति आहे.