हिकमत आणि कावा

सेमाडोहच्या सहलीला निघालो, तेव्हा परतवाड्यापुढचा घाट चढताना सातवीतल्या एका मुलीने आम्हाला विचारले, "सर, कनिंग यानी क्या?" इंग्रजीच्या धड्यात कोल्ह्याला ते विशेषण होते. आम्ही 'मक्कार' म्हणून मोकळे झालो. पण सिपना नदीकाठी मुलांनी डबे उघडले तरी तो शब्द डोक्यातून जाईना.

'कनिंग'चा मूळ अर्थ जाणणारा. इंग्रजी 'कॅन' त्याच घराण्यातला, आणि संस्कृतातला 'ज्ञा' धातू, आपले 'जाणणे', त्याचे दूरचे भाऊबंद. १६११ च्या इंग्रजी बायबलात कुशल कारागिरालाही हेच विशेषण आहे. लबाडीचा अर्थ पुढे उरला. आपल्याकडे तरी वेगळे काय घडले? अरबी 'हिकमत' म्हणजे शहाणपण, हकीम त्यातूनच आला. मराठीत मात्र हिकमती माणसापासून लोक जरा जपून राहतात. फारसी 'उस्ताद' म्हणजे गुरुजी. मराठीत 'मोठा वस्ताद आहे' म्हटले की ऐकणारा खिसा चाचपतो. आमच्या पेशाची ही गत! 'मुत्सद्दी'चे मात्र नशीब उघडले. मूळचा हा कारकून, अंमलदार. मराठीत येऊन राजकारणधुरंधर झाला. 'कावा' म्हणजे फारसीत घोडा गोल फिरवणे. मोगलांचे तवारीखनवीस मराठ्यांना 'गनीम', म्हणजे शत्रू, म्हणत. मराठीने तोच शब्द उचलून 'गनिमी कावा' अभिमानाने मिरवला.

दुसऱ्या दिवशी मुलांना चिखलदऱ्याजवळचा गाविलगड दाखवला. बहमनी सुलतान अहमदशहा वलीने १४२५ च्या सुमारास बांधलेला हा किल्ला इंग्रजांनी १५ डिसेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. खरा मारा उत्तरेकडून, स्टीव्हन्सनच्या तोफांचा. दक्षिणेकडून वेल्स्लीने फौज लावली ती बरीचशी किल्लेदार बेनीसिंगाचे लक्ष तिकडे गुंतावे म्हणून. बेनीसिंग लढता लढता मारला गेला. इंग्रज याला युद्धनीती म्हणतात. हीच चाल बेनीसिंगाने खेळली असती तर? कनिंग, दुसरे काय!

आणि हे फक्त इंग्रजांचेच नाही. वर्गात इतिहास शिकवताना आम्हाला दरवर्षी हे जाणवते. तीच गोष्ट एका राजाने केली की मुत्सद्देगिरी, दुसऱ्याने केली की कपट. कोणता शब्द लागणार ते पुष्कळदा राजाच्या नावावरूनच कळते, आणि वर्गातली मुले ते आमच्या आधी ओळखतात.

परतताना त्या मुलीला आम्ही 'कनिंग'चा जुना अर्थ सांगितला. तिने नीट ऐकून घेतले आणि विचारले, "फिर पेपर में क्या लिखना, सर?"

मक्कारच लिही म्हणालो. मार्क त्यालाच आहेत.